शाबान पडतो तेव्हा आपण का हसतो?

गेल्या अंकात या सदरात मी जुन्या तुर्की विनोदी चित्रपटांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि 'तोसुन पाशा' बघा असं सुचवलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेते आहे. काही प्रश्न थोडे आवरते घेतले आहेत, त्याबद्दल पत्र पाठवणाऱ्यांनी राग मानू नये.

प्रश्न : तुम्ही सांगितलेला चित्रपट घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. प्रिंटवर ओरखडे, रंग उडालेले, भाषा कळत नाही. तरी माझ्या सासूबाई आणि शाळकरी मुलगा एकाच जागी हसत होते. आम्हाला ना तो काळ माहीत, ना ते नट. मग हे हसू येतं कुठून?

सासूबाई आणि नातू एकाच जागी हसले, यात बरंचसं उत्तर आलं. पण मी जरा सविस्तर लिहिते, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे.

'तोसुन पाशा' 1976 सालचा. दिग्दर्शक कार्ताल तिबेत. हा गृहस्थ त्याआधी पडद्यावर तलवारी गाजवणारा देखणा नायक होता, आणि कॅमेऱ्यामागे उभं राहण्याची त्याची ही पहिलीच वेळ. गोष्ट उस्मानी काळातल्या इजिप्तमधली. अलेक्झांड्रियात तेल्लीओलू आणि सेफेरओलू अशी दोन तुर्की घराणी 'हिरवी दरी' नावाच्या जमिनीवरून एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. त्यातलं एक घराणं आपल्या घरातल्या शाबान नावाच्या नोकरालाच गणवेश चढवून पाशा, म्हणजे बडा उस्मानी अधिकारी, म्हणून उभं करतं, म्हणजे त्याच्या दबदब्यावर काम होईल. नोकर झाला केमाल सुनाल. त्याचा मालक लुत्फी झाला शेनेर शेन.

आता थपडा कुठून कुठे जातात ते बघा. सुरुवातीला हात उगारायचा तर तो मालकानेच. नोकराच्या अंगावर पाशाचा कोट आला की सगळं उलटतं. चारचौघांत मालकाने नोकरापुढे वाकायचं, त्याचे हुकूम झेलायचे, वर चेहऱ्यावर हसू ठेवायचं. नाटक उघडं पडेल या भीतीने लुत्फीला तोंड उघडता येत नाही. आणि शाबानला हे सगळं फार आवडायला लागलेलं असतं! हे समजायला तुर्की यावं लागत नाही. हुकूम कोण सोडतो आणि मान कोण खाली घालतो एवढं दिसलं की पुरे, आणि ते शाळकरी मुलाला आधी दिसतं.

हा प्रकार ज्यांच्यासाठी केला होता त्यांचाही विचार करायला हवा. 1950 पासून पुढे अनातोलियाच्या खेड्यांतून लाखो माणसं इस्तंबूल, अंकारा, इझमीरकडे निघाली. शहराच्या कडेला रातोरात भिंती उभारून त्यावर छप्पर टाकायचं, अशा वस्त्यांत ती राहिली. पुरुष कुणाच्या इमारतीत राखणदार झाले, कुणी झाडूवाले, कुणी हमाल. उन्हाळ्यात रात्री उघड्या आवारातल्या सिनेमात लाकडी खुर्च्यांवर बायकापोरांसह बसायचं, सूर्यफुलाच्या बिया सोलत, गोड सोडा पीत चित्रपट बघायचा, हीच त्यांची करमणूक. पडद्यावर नोकर मालकाला नाचवतो आहे आणि खाली दिवसभर मालकाचं ऐकून आलेली माणसं बसली आहेत. त्या आवारात केवढा हशा पिकत असेल!

केमाल सुनालने या माणसांची कामंच एकेक करून पडद्यावर आणली. 'कापिजिलार क्राली' (1976) या चित्रपटात तो रहिवासी इमारतीचा राखणदार सेयित आहे. ब्रेड आणून द्या, बॉयलर पेटवा, कचरा न्या. प्रत्येक मजल्यावरून हाक येते आणि हा 'हो साहेब' म्हणतो. पण साऱ्या बिऱ्हाडांची अंडीपिल्ली त्याला ठाऊक असतात आणि तो शांतपणे आपला गल्ला भरत राहतो. या भूमिकेसाठी त्याला 1977 साली अंताल्याच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं 'सोनेरी संत्रं' मिळालं. त्याच वर्षी 'चोप्च्युलेर क्राली' आला. त्यात तो झाडूवाला आप्ती. त्याच्या डोक्यावर बसलेला नगरपालिकेचा निरीक्षक शाकिर म्हणजे पुन्हा शेनेर शेन, आणि दोघांचा जीव एकाच मुलीवर जडलेला. ती आयशेन ग्रुदा. दोन्हींचा दिग्दर्शक झेकी योक्तेन.

इथे एक सांगते, पटलं तर पुन्हा बघताना ताडून पाहा. आपण हसतो केमाल सुनालच्या नावाने, पण हशा पेरलेला असतो शेनेर शेनने. सुनाल काय करतो? उंच, लांब हातापायांचा माणूस. मोठे दात सगळे दिसतील असं हसतो, डोळे मिचकावतो, एखादी गोष्ट कळायला वेळ लागतोय हे चेहऱ्यावर राहू देतो. राग अनावर झाला की समोरच्याच्या बापालाही गाढव ठरवणारी ती त्याची प्रसिद्ध शिवी लांबवून हासडतो. पण त्याआधीचं काही क्षणांचं काम शेनेर शेनचं असतं. शाकिरच्या अंगावर गणवेश आहे, टोपी आहे, हुद्दा आहे, आणि समोरचा झाडूवाला आपल्याला मोजत नाहीये हे त्याला हळूहळू उमगतं आहे. भुवया वर जातात, मिशी थरथरते, आवाज चढतो आणि मध्येच चिरकतो. माणूस आधी आतून कोसळतो, जमिनीवर नंतर. प्रत्यक्ष आपटणं मग दोन सेकंदांत उरकलं तरी चालतं.

प्रश्न : ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच. हे चित्रपट इतके स्वस्तात का काढायचे?

कारण पैसा नव्हता आणि घाई फार होती.

इस्तंबूलच्या बेयोग्लू भागात इस्तिकलाल रस्त्याला लागून येशिलचाम नावाची एक छोटी गल्ली आहे. निर्मात्यांची कचेरी त्या गल्लीत आणि आजूबाजूला असायची, म्हणून सगळ्या धंद्यालाच ते नाव पडलं. 1970 च्या सुमारास ही मंडळी वर्षाला दोनशे ते तीनशे चित्रपट काढत होती. कोरी फिल्म बाहेरून यायची, परकीय चलनाची चणचण, त्यामुळे फूट फूट मोजून वापरायची. एका दृश्याला शक्यतो एकच टेक. चित्रण मुकं व्हायचं, शेजारी प्रॉम्प्टर संवाद वाचून दाखवायचा, नट म्हणायचे, आणि आवाज नंतर स्टुडिओत भरला जायचा. पुष्कळदा तो त्या नटाचा नसायचाच, डबिंगवाल्याचा असायचा.

पैसा उभा राहायचा तोही मुलखावेगळ्या पद्धतीने. अदाना, इझमीर, सामसुन अशा विभागांतले वितरक आधीच सांगायचे की आमच्याकडे अमुक नट चालतो, तमुक तऱ्हेची गोष्ट चालते, आणि त्या भरवशावर हुंड्या लिहून द्यायचे. निर्माता त्या वटवून शूटिंग सुरू करायचा. म्हणजे अदानातल्या प्रेक्षकाला काय आवडतं हे पटकथेच्या आधी ठरलेलं असायचं. यातून पुष्कळ कचराही निघाला. विनोदाला मात्र या घाईचा फायदा झाला असं मला वाटतं. दहादा घोटून घेतलेलं आपटणं वेगळं दिसतं. इथे नट पहिल्यांदाच पडतोय आणि बाजूच्याला खरंच हसू फुटतंय, तेच पडद्यावर राहिलं आहे.

प्रश्न : मी एक तुर्की चित्रपट पाहिला, त्यात चक्क अमेरिकन अंतराळ मालिकेतली पात्रं होती. हे सगळं हॉलिवुडची नक्कलच ना?

तुम्ही पाहिलात तो 'तुरिस्त ओमेर उझाय योलुंदा', 1973 चा. सादरी अलिशिक या नटाचा तुरिस्त ओमेर म्हणजे टोपी तिरकी, सदरा बाहेर, खिसा रिकामा आणि जगाची फिकीर नाही असा भटक्या. त्याची सलाम ठोकण्याची तऱ्हाही खास त्याचीच. दिग्दर्शक हुलकी सानेर. ओमेरवर 1964 पासून चित्रपटांची माळच निघाली आणि या शेवटच्या चित्रपटात त्याला थेट अंतराळात धाडलं. 'स्टार ट्रेक'ची पात्रं, यान, पोशाख सगळं उचललेलं, परवानगी वगैरे कुणी घेतली नाही. परग्रह म्हणून दिसतात ते एफेससचे प्राचीन अवशेष! त्या संगमरवरी खांबांमधून ओमेर आपल्याच तंद्रीत फिरतो आणि तर्कशुद्ध बोलणाऱ्या मिस्टर स्पॉकला प्रश्न विचारून विचारून बेजार करतो.

गोष्ट उचललेली आहे, हे खरं. ओमेर मात्र उचललेला नाही. तो इस्तंबूलच्या गल्लीतलाच आहे, आणि त्याची वंशावळ हॉलिवुडपेक्षा फार जुनी आहे.

तुर्कस्तानात 'ओर्ता ओयुनू' नावाचा मोकळ्या जागेत, प्रेक्षकांच्या कोंडाळ्यात होणारा खेळ होता. आपल्या तमाशातल्या वगासारखा हजरजबाबीपणावर चालणारा, लिहिलेली संहिता नाही. त्यात दोन मुख्य माणसं. पिशेकार हा शहाणा, नीटनेटकं बोलणारा. कावुक्लू हा डोक्यावर मोठं गुबगुबीत पागोटं घातलेला, ऐकलेल्या प्रत्येक शब्दाचा भलताच अर्थ लावणारा. पिशेकारच्या हातात लाकडाच्या दोन पट्ट्या एकत्र बांधलेलं 'शाकशाक' असायचं. त्याने खेळ सुरू करायचा, आणि त्यानेच कावुक्लूला फटका हाणायचा. आवाज कडाडून, लागायचं जवळजवळ काहीच नाही. पडद्यावर शेनेर शेन आणि केमाल सुनाल समोरासमोर येतात तेव्हा मला तरी हेच दोघे दिसतात. कारागोझ आणि हाजिवात यांचा सावल्यांचा खेळही याच जातीचा, एक अडाणी आणि तोंडाळ, दुसरा शिकलेला आणि गुळगुळीत. त्या खेळाला 2009 साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं.

हा वारसा नुसता कल्पनेतला नाही. केल हसन एफेंदी या नामवंत विनोदी नटाचं पागोटं त्याच्यानंतर इस्माईल द्युम्ब्युल्युकडे आलं. द्युम्ब्युल्युने 1968 साली ते म्युनिर ओझकुलच्या हवाली केलं. ओझकुलने 1989 मध्ये फेर्हान शेनसोयला दिलं, त्याने 2016 मध्ये रासिम ओझतेकिनला, आणि 2020 पासून ते शेव्केत चोरुहकडे आहे. म्युनिर ओझकुल कोण, हे 'हाबाबाम सिनिफी' हा वांड वर्गाचा चित्रपट पाहिलेल्यांना सांगायला नको. त्यातले कडक, टकले, पोरांवर जीव टाकणारे महमूद सर तेच.

आदिले नाशित या नटीचंही तसंच. तिचे वडील नाशित हे इस्तंबूलच्या रंगमंचावरचे एवढे नावाजलेले विनोदवीर की 'नामवंत विदूषक' हा त्यांचा किताबच होता. शेनेर शेनचे वडील अली शेन नट. हालित आक्चातेपे या नटाचे वडील सित्की 'हाबाबाम सिनिफी'मध्ये मुलाच्याच वर्गाला शिकवणारे एक वयस्कर मास्तर झाले आहेत. ही माणसं हॉलिवुडच्या शिकवणीला गेली असतीलही, पण घरून येताना बरंच घेऊन आली होती.

प्रश्न : तेच तेच चेहरे प्रत्येक चित्रपटात दिसतात. कंटाळा नाही येत?

मला तर उलट त्याचीच ओढ आहे.

एर्तेम एइल्मेझ हा दिग्दर्शक-निर्माता आणि त्याची 'आर्झू फिल्म' ही कंपनी. त्याने 1970 च्या दशकात नटांचं एक कुटुंबच उभं केलं. केमाल सुनाल, हालित आक्चातेपे, तारिक आकान, आदिले नाशित, म्युनिर ओझकुल, शेनेर शेन, आयशेन ग्रुदा. 1975 चा 'हाबाबाम सिनिफी' हा त्याचा कळस. रिफात इल्गाझ यांच्या पुस्तकावरून केलेला, वसतिगृह असलेल्या शाळेतल्या वांड वर्गाचा चित्रपट. पोरं वर्षानुवर्षं नापास होणारी, त्यामुळे मिशा फुटलेली. शिक्षकांना छळणं हा त्यांचा एकमेव अभ्यास. सुनाल यात 'गाय शाबान' या टोपणनावाने वावरतो. आदिले नाशित त्यातली शाळेची हफीझे आई. ठेंगणी, गोलमटोल, हातातली घंटा वाजवत जिन्यावरून लगबगीने उतरणारी. आणि ती हसते तेव्हा हसू एकदम बाहेर पडत नाही, आधी खांदे हलतात, मग गाल, मग तो खळाळता आवाज. संगीत मेलिह किबारचं. ती धून वाजली की आजही तिथली माणसं ओळखीचं हसतात.

मी इस्तंबूलला भाषांतराच्या कामासाठी राहत होते. माझी घरमालकीण सत्तरीची होती, तिला सगळे तेझे, म्हणजे मावशी म्हणायचे. टीव्हीवर यातला कुठलाही चित्रपट लागला की ती स्वयंपाकघरातून संवाद म्हणायची, पडद्यावरच्या माणसाच्या क्षणभर आधी. घेवडा निवडत निवडत. एकदा मी विचारलं, मावशी, सगळं पाठ आहे, मग बघता कशाला? तिला प्रश्नच कळला नाही. भाचा घरी आला तर तो काय बोलणार हे माहीत असतं म्हणून कुणी दार बंद करतं का, असं म्हणून तिने मला शेंगा निवडायला बसवलं. तिच्या लेखी आदिले नाशित ही शेजारीण होती आणि म्युनिर ओझकुल हे घरातलं वडीलधारं माणूस. एका चित्रपटात आपण त्यांना नवरा-बायको म्हणून पाहिलं, दुसऱ्यात मास्तर आणि शाळेची आई म्हणून. त्यामुळे प्रत्येक वेळी ओळख करून द्यावी लागत नाही, नट आला की पहिल्या मिनिटाला हशा.

कुटुंबाचं सगळ्यात गोड रूप बघायचं तर 'नेशेली ग्युनलेर' बघा, 1978 चा, दिग्दर्शक ओरहान अक्सॉय. लोणच्याचं दुकान चालवणारे नवरा-बायको, म्हणजे ओझकुल आणि नाशित. सहा मुलं. भांडण कशावरून? लोणचं लिंबाने चांगलं होतं की व्हिनेगरने! दोघेही हट्टाला पेटतात, शब्दाने शब्द वाढतो, संसार मोडतो आणि मुलं तीन-तीन वाटून घेतली जातात. वर्षांनी ती भावंडं एकमेकांना सापडतात आणि आईबापाला पुन्हा एकत्र आणायचा घाट घालतात. गंमत अशी की समेट होत आला तरी लिंबू आणि व्हिनेगर दबा धरून बसलेलेच असतात. त्या दोघांनी हे भांडण जराही थट्टेवारी नेलेलं नाही. लोणच्याच्या आंबटपणावर आपली अब्रू अवलंबून आहे अशा आवेशाने ते भांडतात, म्हणून हसू येतं, आणि म्हणूनच पुढे डोळेही भरतात.

प्रश्न : मारझोड, शिव्या, खेडुतांची टिंगल. मुलांना दाखवावं का?

सरसकट दाखवू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात टीव्ही घरोघरी पोचला, कुटुंबं थिएटरकडे फिरकेनाशी झाली आणि पुष्कळ निर्माते उत्तान विनोदी चित्रपटांकडे वळले. ते याच शेल्फवर, याच रंगांच्या पोस्टरखाली मिळतात. तेव्हा आधी स्वतः बघा. चांगल्या चित्रपटांतही बायकांना गृहीत धरणारे, व्यंगावर हसवणारे प्रसंग आहेत आणि ते मला खटकतात. मुलांबरोबर बसलात तर त्यावर बोला.

खेडुतांच्या टिंगलीबद्दल मात्र मी वेगळं म्हणेन. या चित्रपटांत खेडूत भोळा असतो, पण गोष्ट त्याच्या बाजूने असते. 'किबार फेयझो' (1978, दिग्दर्शक आतिफ यिल्माझ) बघा. लष्करातली सेवा संपवून फेयझो गावी येतो. त्याला गुलोशी लग्न करायचं आहे, पण तिच्या बापाला वधूमूल्य हवं, बिलो नावाचा दुसरा उमेदवार हटत नाही, आणि गावावर माहो आगाचा अंमल. जमीन त्याची, न्याय त्याचा, शिक्षाही त्याची. फेयझो कमवायला इस्तंबूलला जातो, तिथे भिंतींवरच्या घोषणा वाचतो, कामगारांचं बोलणं ऐकतो आणि गावी येऊन तेच शब्द आगाच्या तोंडावर फेकतो. त्याला त्यांचा नेमका अर्थ कुठे माहीत असतो! आगालाही नसतो. पण शब्द लागतात. त्या काळी तुर्कस्तानच्या रस्त्यांवर डाव्या-उजव्यांमध्ये रोज रक्त सांडत होतं. पटकथा सेन्सॉरच्या मंडळापुढून न्यावी लागत होती. जमीनदारी, वधूमूल्य, गरिबी हे सगळं उघड मांडायला विनोदाचं पांघरूण लागलं, आणि ते पांघरूण या मंडळींनी फार हिमतीने वापरलं. आगा शेनेर शेन, बिलो इल्यास सालमान, गुलो म्युज्दे आर.

'बान्केर बिलो' (1980, एइल्मेझ) त्याहून कडू आहे. जर्मनीला नेतो म्हणून गावकऱ्यांकडून पैसे घेऊन माहो त्यांना ट्रकमध्ये कोंबतो आणि उतरवतो कुठे, तर इस्तंबूलमध्ये. खेडुतांच्या लेखी जर्मनी काय आणि इस्तंबूल काय, दोन्ही सारखीच परकी. 1961 च्या करारानंतर खरोखरच लाखो तुर्की मजूर जर्मनीला गेले होते. प्रत्येक गावातून कुणी ना कुणी गेलेलं, त्यामुळे या विनोदात किती जणांचं काय काय अडकलेलं असेल, याचा विचार करा.

प्रश्न : केमाल सुनाल प्रत्यक्षातही असाच भोळा होता का?

मुळीच नाही. 1944 चा जन्म, इस्तंबूलच्याच शाळेत शिकलेला, रंगमंचावरून आलेला. त्याला जवळून ओळखणारे सांगतात की तो गंभीर, अबोल होता. 80 हून अधिक चित्रपट करून झाल्यावर त्याने मारमारा विद्यापीठातून अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं आणि पदव्युत्तर प्रबंध लिहिला. विषय, स्वतःच्याच चित्रपटांतला विनोद. समीक्षकांनी त्याला वर्षानुवर्षं हलकं लेखलं होतं, प्रेक्षकांनी कधीच नाही. विमानप्रवासाची त्याला धास्ती होती. 3 जुलै 2000 रोजी चित्रीकरणासाठी त्राबझोनला निघालेला असताना विमान उडण्यापूर्वीच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला.

त्याचं गंभीर काम बघायचं तर 1988 चा 'द्युत्त्युरू द्युन्या' बघा. अंकाऱ्यातला क्लॅरिनेट वाजवणारा, घरची ओढाताण सोसणारा बाप. चेहरा तोच, दात तेच, पण हसायची हिंमत होत नाही.

प्रश्न : आता असे चित्रपट का निघत नाहीत?

काढणारं ते घरच उरलं नाही. टीव्ही आला, पाठोपाठ 12 सप्टेंबर 1980 चा लष्करी उठाव, मग व्हिडिओ कॅसेट. थिएटरं बंद पडत गेली. येशिलचाम गल्लीतलं एमेक हे जुनं, देखणं थिएटर 2013 साली लोकांनी निदर्शनं करूनही पाडलं. नाशित 1987 मध्ये गेली, एइल्मेझ 1989 मध्ये, ओझकुल 2018 च्या जानेवारीत. शेनेर शेनने पुढे उत्तम चित्रपट केले. 1985 च्या 'झ्युग्युर्त आगा'त त्याने आयुष्यभर चितारलेल्या त्याच आगाला कंगाल करून शहरात टोमॅटो विकायला लावलं आहे. तो जरूर बघा, पण त्याआधी 'किबार फेयझो' बघितलेला हवा, नाहीतर त्यातलं अर्धं दुखणं कळणार नाही.

प्रश्न : तुर्की येत नाही. नेमकं कुठून आणि कसं सुरू करू?

'तोसुन पाशा' झाला असेल तर पुढे 'स्युत कार्देश्लेर' (1976) घ्या. जुना वाडा, दोन नौसैनिकांच्या ओळखींचा घोळ, आणि रात्री हिंडणारा गुलयाबानी नावाचा अक्राळविक्राळ प्राणी. सगळं डोळ्यांना कळतं. 'हाबाबाम सिनिफी'ला मात्र सबटायटल हवीतच, कारण त्यातला निम्मा मजकूर टोपणनावांत आणि उलट उत्तरांत आहे. या मालिकेतले पहिले चार चित्रपट बघा, सुनाल त्यांतच आहे. पुष्कळ चित्रपट आता साफसूफ करून, रंग सुधारून उपलब्ध आहेत. दोन प्रती मिळाल्या तर साफ केलेली घ्या, पण 16:9 च्या पडद्यात बसवण्यासाठी वरखाली कापलेली असेल तर ती सोडून जुनीच बघा. त्या कापाकापीत पाय जातात, आणि केमाल सुनालचे पाय दिसायलाच हवेत.

इस्तंबूलला जाणं झालं तर बेयोग्लूत अटलास थिएटरच्या इमारतीत 2021 पासून सिनेमाचं संग्रहालय आहे. तिथून येशिलचाम गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे. निम्मा दिवस हाताशी ठेवा.